परभणीकडील इंजिने आणि त्यांचे पाणी

ज्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते आणि उत्तरेकडून येणारी पूर्णा वाटेत दुधनेला पोटात घेऊन तिला मिळते, त्या परभणी जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. आणि तरीही कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमार लाँचच्या पोटात बसविलेल्या डिझेल इंजिनास जो विकार वारंवार छळतो, म्हणजे थंडाव्यासाठी भरलेले पाणी हळूहळू नाहीसे होणे आणि ते कोठे गेले याचा थांग न लागणे, त्या विकाराची परीक्षा करण्याची एक संपूर्ण विद्या या समुद्रहीन मुलखात, विहिरींच्या काठांवर, दोन-तीन पिढ्यांत घडत गेली. ही विद्या मिस्त्रींच्या हातांत आणि कानांत राहिली. कागदावर ती फारशी उतरली नाही. शेतीच्या इतिहासात बियाण्यांची, जमाबंदीची आणि धरणांची नोंद आपण आस्थेने करतो, पण ज्याच्या जोरावर या काळ्या जमिनीतील बागायत कित्येक हंगाम तगली त्या यंत्राची आणि ते राखणाऱ्या माणसांची हकीकत मात्र वगळतो, हे मला अन्यायाचे वाटते.

इंजिन येण्यापूर्वी विहिरीचे पाणी वर येई ते मोटेने. चामड्याची मोट, तिचा नाडा व सोल, काठावरचे थारोळे, बैलांनी उतरत जावयाची धाव आणि थारोळ्यातून पिकाकडे गेलेला पाट, एवढाच तो सारा पसारा होता, आणि त्यात पाणी जेथे गळे तेथे ते डोळ्यांदेखत गळे. मोट फाटली तर ती चांभाराकडे जाई, पाट फुटला तर बारे देणारा गडी खोऱ्याने माती ओढी. पाणी गेले कोठे, हा प्रश्न कोणास पडण्याचे कारणच नव्हते. पाणी अदृश्यपणे नाहीसे होण्याचा प्रकार या प्रदेशात आला तो बंदिस्त लोखंडाबरोबर.

ते बंदिस्त लोखंड प्रथम आले रेल्वे आणि कापूस यांच्या संगतीने. निजामाच्या राज्यातून मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास तयार झाली, आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्थानकांच्या आसपास गावराणी कापसाचा व्यापार एकवटू लागला. सरकी काढण्याचे आणि गासड्या दाबण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या आवारात बॉयलर आले, आणि बॉयलरबरोबर पाण्यावर नजर ठेवण्यासाठीच पगार घेणारा एक मनुष्य आला. बॉयलरच्या तोंडावर लावलेल्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी किती आहे हे पाहणे, ती नळी क्षाराने तुंबली तर तिच्यातील स्थिर पातळी खोटी असते हे ओळखणे, आणि पातळी फारच खाली गेली असता तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी न सोडता आधी आग काढून टाकणे, या तीन गोष्टी ज्याच्या अंगवळणी पडल्या नाहीत त्याच्या हाती बॉयलर देणे हे जिवावरचे काम होते. भट्टीच्या माथ्यावर शिशाची एक गुठळी बसविलेली असे; पाणी तिच्याखाली उतरले की ती वितळून वाफ आगीत शिरे आणि मोठा अनर्थ टळे. पुढे जी मंडळी शेतकऱ्यांची इंजिने दुरुस्त करू लागली, त्यांच्या कसबाची मुळे या जिनांच्या आणि पूर्णा जंक्शनवरील वाफेच्या इंजिनांच्या आवारात शोधावी लागतात, असे माझे मत आहे. पाणी कमी झाले म्हणजे यंत्र काही तरी सांगत आहे, ही समज तेथे आधीच पक्की झालेली होती.

तेलाच्या इंजिनाचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी १८९२ मध्ये अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन कसोटीस उतरले. इंग्लंडात हॉर्न्सबीच्या कारखान्याने तत्पूर्वीच निराळ्या पद्धतीची तेल-इंजिने विकण्यास प्रारंभ केला होता. महाराष्ट्रात हे यंत्र प्रथम घडविण्याचा मान साताऱ्याकडे जातो. तेथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, देशी डिझेल इंजिन बनविले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, आणि लोखंड ओतण्याच्या धंद्यातून आलेला गृहस्थ त्या पदावर बसला ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेथून लोखंडी नांगर आणि पुढे पंप दख्खनभर गेले. आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद सुभ्यातील एक जिल्हा होता, त्याचा कारभार अव्वल तालुकदार पाही, व्यवहार हाली शिक्क्यात चाले आणि ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालाला करोडगिरीच्या नाक्यावर थांबावे लागे. या कारणाने सातारा किंवा पुणे येथील यंत्र मैलांच्या हिशेबाने जवळ असूनही शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते, आणि जी थोडी इंजिने होती ती सावकारांच्या मळ्यांत, जिनांत व पिठाच्या गिरण्यांत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, विहीर खोदण्यास व इंजिन घेण्यास तकावी मिळू लागली, आणि तहसील कचेरीच्या दाराशी सातबाऱ्याचा उतारा घेऊन बसलेल्या कुणब्याच्या तोंडी अश्वशक्तीची भाषा आली. पहिली इंजिने संथ होती: इंग्लंडातील लिस्टर धर्तीची, दोन मोठ्या चाकांची, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारी, ज्यांची नक्कल पुढे राजकोटच्या कारखान्यांनी मोठ्या संख्येने केली. नंतर पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचे, ८० मिलिमीटर व्यासाच्या एका उभ्या सिलिंडरचे किर्लोस्कर आले.

आता या यंत्राच्या पोटातील पाण्याकडे वळावयास हवे, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. जळलेल्या तेलातून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि उरलेला लोखंडात मुरतो. तो बाहेर काढला नाही तर पिस्टन फुगून लायनरला धरतो आणि इंजिन जाम होते. जुन्या इंजिनांच्या माथ्यावर यासाठी एक उघडे कुंड असे, त्यात पाणी भरावयाचे आणि ते उकळू द्यावयाचे. पाणी उकळून वाफ होताना फार मोठी उष्णता घेऊन जाते, त्यामुळे पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला पुऱ्या भारावर तासाला सुमारे पाच लिटर पाणी पुरते. पण तेवढे पाणी खरोखरच उडून जाते, आणि म्हणून अशा इंजिनात पाणी कमी होणे हा दोष नसून तीच थंडाव्याची रीत होय. नवख्या मालकाला हे कळत नसे. कुंड कोरडे पडलेले पाहून तो घाबरून विहिरीचे गार पाणी घागरीने एकदम ओती, आणि बिडाच्या हेडला बारीक तडा जाई. ज्या गळतीची त्याला भीती वाटत होती ती त्या घागरीने प्रत्यक्षात उतरे.

पाण्याच्या पंपाला जोडलेल्या इंजिनास दुसरी सोय होती आणि ती अधिक रूढ झाली. पंपाच्या डिलिव्हरीच्या पाइपाला एक बारीक नळी जोडून विहिरीचेच थोडे पाणी इंजिनातून फिरवावयाचे आणि कोमट होऊन आलेले पाणी पाटात सोडून द्यावयाचे. पाणी तीस अंशांनी तापवून सोडावयाचे म्हटले तर याच इंजिनाला तासाला शंभर लिटरांच्या आसपास लागते. उपसलेल्या पाण्याच्या मानाने हे इतके अल्प की त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. आणि येथेच परभणीची विहीर व कोकणची लाँच यांचे नाते जुळते. जुन्या धर्तीची बोट समुद्राचे पाणी तळातून आत घेते, इंजिनातून फिरविते आणि बाहेर टाकते. बोटीच्या मागच्या अंगाने पडणाऱ्या त्या पाण्याकडे तांडेल जसा येता-जाता पाहतो, तसाच मळ्यातील गडी पाटात पडणाऱ्या कोमट धारेकडे पाहतो. धार बारीक झाली म्हणजे आत काही तरी अडले. धारेला वाफेचा वास आला म्हणजे उशीर झाला. चैत्र-वैशाखात विहीर खाली गेली, फुटव्हॉल्व्ह उघडा पडून पंप हवा ओढू लागला, की पिकाचे पाणी तुटण्याआधीच ही बारीक धार तुटे. ज्याने ती पाहिली त्याने हात घालून इंजिन बंद केले, ज्याने पाहिली नाही त्याचा लायनर ओरखडला. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले आणि गाळमिश्रित पाणी उपसावे लागले तेव्हा इंजिनाच्या पाण्याच्या वाटा गाळाने भरून येण्याचा धोका किती वाढला असेल, हे या रचनेवरून सहज ध्यानी येते.

जोपर्यंत पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जात होते तोपर्यंत पाणी हरवले असे कोणी म्हणू शकत नव्हते. तेच पाणी पुन:पुन्हा फिरवावयाचे ठरले तेव्हा त्याची मोजदाद सुरू झाली. पिठाच्या गिरणीत किंवा उसाच्या चरकावर, जेथे वाहते पाणी नसे, तेथे लोखंडी पिंप उंचावर ठेवून वरून व खालून दोन नळ्यांनी ते इंजिनाला जोडीत. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि थंड पाणी त्याची जागा घेते. पंपाची गरज नाही. या पिंपाची एक खोड अशी की वरच्या नळीचे तोंड पाण्याबाहेर उघडे पडताच फेरा तुटतो, मग खाली तीन-चतुर्थांश पिंप भरलेले का असेना. गिरणीवाला म्हणे पाणी भरपूर आहे, इंजिन मात्र तापते; आणि मिस्त्री येऊन दुसरे काहीही न करता चार बोटे पाणी वाढवी. पण रोज चार बोटे वाढवावी लागू लागली म्हणजे मात्र खरा तपास सुरू होई.

या तपासाचा क्रम मी चांगल्या मिस्त्रींकडून निरखलेला आहे आणि त्यात मला नेहमीच एक शिस्त दिसली: बाहेरचे आधी, आतले नंतर, आणि हेड खोलणे सर्वांत शेवटी. बाहेरच्या गळतीचा माग काढण्यास परभणीच्या जमिनीनेच मदत केली. काळ्या पाषाणातून आणि चुनखडीतून झिरपलेले येथील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते तापले की त्यातील चुना खाली बसतो. सांध्यातून पाझरलेला थेंब तापलेल्या लोखंडावर क्षणात सुकतो, ओल कोठेच दिसत नाही, परंतु मागे पांढऱ्या क्षाराचा एक ओघळ राहतो. आणि मिस्त्री चिंधीने तेलकट काळोखी पुसून तो पांढरा ओघळ वर वर शोधीत जाई, तो जेथे संपे तेथेच गळती असे. पाइपाचा आटा असेल तर सुतळी आणि सफेदा, पंपाची ग्लँड असेल तर दोरीची नवी पॅकिंग, आणि काम संपले. ज्या पाण्याने गळतीचा ठसा उमटविला त्याच पाण्याने आतून मात्र घात केलेला असे: सिलिंडरभोवतीच्या पोकळीत क्षाराची खपली चढे, ती उष्णता अडवी, आणि पाणी पुरेसे असूनही लोखंड तापून हेडचे गॅस्केट जळे.

बाहेर ओघळ नाही आणि पाणी तर रोज घटते, म्हणजे ते आत चालले आहे. आत जाण्याच्या वाटा दोन: एक सिलिंडरात, दुसरी तेलात. सिलिंडरात जाणारे पाणी धुरातून बाहेर पडते. थंड सकाळी पहिल्या काही मिनिटांचा पांढरा धूर क्षम्य असतो, पण इंजिन चांगले तापल्यावरही तो पांढराच राहिला आणि धुराड्याच्या तोंडाशी धरलेल्या पत्र्यावर थेंब जमले, तर शंकेला जागा उरत नाही. उलट दिशेची परीक्षा पिंपात होते. पिंप काठोकाठ भरून, इंजिन गार असतानाच चालू करून, पाण्याच्या पृष्ठभागाकडे टक लावावयाची. पाणी उकळण्याचा संभव नसताना जर ठोक्याठोक्याला बुडबुडे येऊ लागले तर तो सिलिंडरातील दाब गॅस्केटमधून पाण्यात शिरत आहे. हा प्रयोग गार इंजिनावरच करावयाचा, कारण तापलेल्या पाण्यातील बुडबुडा कशाचा हे सांगता येत नाही. एवढी सावधगिरी ज्याला कळली त्याला शास्त्रीय प्रयोग कळला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तेलात गेलेल्या पाण्याची खूण सर्वांस ठाऊक असते: ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागते. परंतु रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात ही खूण फसवी ठरू शकते, कारण पाणी जड असल्याने ते तळाशी बसते आणि वर स्वच्छ काळे तेल दिसते. जाणता मिस्त्री म्हणून सकाळी, हँडलला हात लावण्यापूर्वी, खालचा डाट दोन आटे सैल करतो. आधी पाणी टपकले आणि मागून तेल आले, तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या आहेत किंवा लायनरला छिद्र पडले आहे. पिस्टनच्या आघाताने लायनर सतत थरथरतो, त्याच्या पाण्याकडील अंगावर सूक्ष्म बुडबुडे जन्मतात आणि फुटतात, आणि त्या अखंड माऱ्याने ओतीव लोखंडात टाचणीच्या अग्राएवढी भोके पडतात. आणखी एक दक्षता होती, आणि तिच्याअभावी इंजिने कायमची निकामी होत. पिस्टनच्या माथ्यावर पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्याचा संशय असता चाक आधी हाताने, दाब सोडून, सावकाश दोनदा फिरवावयाचे, आणि ते अडले तर तेथेच थांबावयाचे. हेड खोलल्यावरही घाई नसे: सपाट पट्टीवर शेंदूर लावून ती हेडच्या पृष्ठावर फिरवावयाची, शेंदूर जेथे लागला नाही तेथे खळगा, आणि तो घासून काढल्यावाचून नवे गॅस्केट बसवावयाचे नाही, नट कसावयाचे तेही समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्याने.

समुद्रावर ही विद्या एका पायरीने पुढे गेली. १९५३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पापासून बोटींच्या यांत्रिकीकरणाला सरकारी पाठबळ मिळाले, आणि सातपाटी, हर्णै, मिरकरवाडा येथील होड्यांतही इंजिने बसत गेली. समुद्राचे पाणी साठ अंशांच्या वर तापू दिले तर क्षार धरते आणि लोखंड तर कोणत्याही तापमानाला खाते. म्हणून मोठ्या इंजिनांत गोडे पाणी बंद फेऱ्यात फिरवून खारे पाणी केवळ नळ्यांच्या दुसऱ्या अंगाने वाहते ठेवण्याची पद्धत आली, आणि नळ्या वाचाव्यात म्हणून त्यांच्या सोबतीला झिजून जाण्यासाठीच जस्ताचा तुकडा बसविला गेला. जस्त वेळेवर बदलले नाही की नळीला छिद्र पडते, आणि मग गोडे पाणी कोणताही ओघळ मागे न ठेवता समुद्रात निघून जाते. तेथे पांढरा माग नाही, पाझर नाही, धूर नाही. खलाशी टाकीतील पाणी जिभेला लावून खारटपणा पाहतो; मिस्त्री हातपंपाने फेऱ्यात दाब भरतो, काट्याकडे पाहतो, आणि एकेक भाग बंद करीत जातो, ज्या भागाबरोबर काटा स्थिर झाला तो गुन्हेगार. परभणीच्या मिस्त्रीला यातील काहीही अपरिचित वाटले नसते. वगळत वगळत शेवटच्या जागी पोहोचावयाचे, ही रीत त्याचीच.

साठीच्या दशकात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहिले आणि त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजघर झाले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडीचे उद्घाटन होऊन पुढे डावा कालवा परभणीकडे पाणी आणू लागला. विजेच्या तारा मळ्यांपर्यंत पोहोचल्या आणि विजेच्या मोटारीला थंडाव्याच्या पाण्याची ही उस्तवार नव्हती. इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. पण भारनियमनाच्या दिवसांत ती पुन्हा बाहेर काढावी लागली, आणि तेव्हा कळले की उभे राहिलेले इंजिन चालणाऱ्यापेक्षा लवकर बिघडते: रबरी रिंगा सुकून आखडलेल्या, पाण्याच्या पोकळीत गंजाचे पापुद्रे, गॅस्केट कडक झालेले. अशा इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवावे, खुणेसाठी पातळीवर खडूची रेघ ओढावी, आणि सकाळी रेघ व खालचा डाट ही दोन्ही पाहिल्यानंतरच हँडल मारावे, हा जुन्या मिस्त्रींचा दंडक होता. आज ट्रॅक्टरचे रेडिएटर आणि जनरेटरची इंजिने घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचे वारस प्रथम विचारतात ते हेच, की पाणी कोणत्या विहिरीचे घालता. आणि उत्तर ऐकून कित्येकदा पान्हा उचलण्यापूर्वीच त्यांचा अर्धा तपास झालेला असतो.